चार तासांत कार्ताहेना

फोन ठेवता ठेवता एवारिस्तो पुएयो एक वाक्य जास्तीचं बोलून गेला. तेवढं एक वाक्य त्यानं गिळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कार्ताहेनाच्या माणसाला वाक्य गिळायची सवय नाही. आम्ही गिळतो ती फक्त शब्दांची शेवटची अक्षरं.

फोनवर बोगोताची विहीण होती. म्हणजे अजून व्हायची होती. एवारिस्तोची मुलगी यार्लेनिस तिकडे डोंगरात, बोगोताला दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर होती आणि फेर्मीन नावाच्या एका सज्जन मुलाशी तिचं जमलं होतं. फेर्मीनला वडील नव्हते. आई होती. ओतिलियाबाई पिन्सोन, निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं व्याकरण शिकवलेलं. लग्नाचं बोलायला ती शनिवारी एकटीच येणार होती. कॅमेऱ्यावर तोंडं बघून सोयरीक करणं तिला पसंत नव्हतं, म्हणून फोन साधाच होता, आणि तोही अर्धाच ऐकू येत होता, कारण आमच्या क्रेस्पोत विमानतळाची भिंत आणि लोकांच्या मोऱ्या यांच्यात एका रस्त्याचं अंतर आहे.

"गाईड वगैरे ठरवू नका हं," बाई म्हणाल्या. "यार्लेनिस सांगत होती, तिच्या बाबांना गावाचा दगड न् दगड माहीत आहे."

इथे 'हो' म्हणून थांबायला हरकत नव्हती.

"दगडच काय," एवारिस्तो म्हणाला, "दोन दगडांच्या मधला चुना कुठून आणला तेही सांगीन!"

वरून विमान गेलं. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "चुन्याबद्दल ऐकायला मला फार आवडेल."

आता खरी परिस्थिती अशी होती, की एवारिस्तो अठ्ठावीस वर्षं तटाच्या आतल्या जुन्या शहरात एका नोटरीच्या कचेरीत कारकून होता. रोज सकाळी घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत जायचा आणि संध्याकाळी त्याच मनोऱ्याखालून बाहेर यायचा. कुठल्या गल्लीत किती वाजता सावली येते, कुठल्या कोपऱ्यावरची अंडं भरलेली मक्याची आरेपा तेलकट असते, हे त्याला पाठ होतं. पण किल्ला? किल्ल्यावर तो नवव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर गेला होता, तिथल्या भुयारात त्याला उलटी झाली होती आणि त्यानंतर किल्ल्याचा आणि त्याचा संबंध उरला नव्हता. ला पोपाच्या टेकडीवर आईचा नवस फेडायला गेला होता, पण तेव्हा तो आईच्या कडेवर होता.

संध्याकाळी त्यानं ही अडचण शेजारच्या ओलिंपोला सांगितली. ओलिंपो बंदरात टगबोट चालवून निवृत्त झालेला. निवृत्त माणसाला सल्ला विचारणं म्हणजे उतारावरच्या गाडीचा ब्रेक सोडणं.

"तटाची भिंत किती लांब?" ओलिंपोनं परीक्षा घेतली.

"बरीच."

"समुद्री चाचे किती वेळा आले?"

"बऱ्याचदा."

"एवा, तू नापास. पण घाबरू नकोस. ठोकून दे! बोगोताची माणसं इथल्या उन्हात आली की त्यांचा मेंदू वितळतो. काहीही सांग, मान डोलावतात. मी एकाला सांगितलं होतं, की आमच्याकडे पेलिकन पत्रं पोचवायचे."

"ती व्याकरणाची शिक्षिका आहे."

"मग मात्र कठीण आहे," ओलिंपो गंभीर झाला. आतून त्याची बायको एदेल्मिरा ओरडली, "अरे, त्या टुरिस्टांच्या बसमध्ये जाऊन बस ना एकदा! चार तासांत सगळं दाखवतात. मग तेच शनिवारी तिला सांग. पोपटाला जमतं, तुला नाही जमणार?"

सल्ला उत्तम होता. फक्त तो पाळायचा तर चोरून पाळायला हवा होता, कारण बायको नूरिसपुढेही एवारिस्तोनं पंचवीस वर्षं गावाचा जाणकार म्हणून लौकिक राखला होता. तो त्यानं कसा राखला होता, हे सोपं आहे. नूरिसनं कधी काही विचारलंच नव्हतं.

गुरुवारच्या दुपारची सहल त्यानं कचेरीतूनच फोनवर ठरवायला घेतली. तिकडून एका मुलीनं गोड आवाजात विचारलं, "कुठल्या हॉटेलात उतरलात?"

"हॉटेलात नाही."

"मग कुठे उतरलात?"

"उतरलो नाही. राहतो."

"सर, आम्ही फक्त हॉटेलवरून घेतो. हॉटेलचा रकाना रिकामा ठेवला तर मशीन पुढे जात नाही."

"मशीनला सांग, की मी स्वतः चालत तुमच्या कचेरीत येतो."

"मशीनला तसं सांगता येत नाही, सर."

दुसऱ्या कुणी चिडून फोन ठेवला असता. पण एवारिस्तोचा सगळा जन्म रकान्यांत गेला होता. रिकामा रकाना म्हणजे काय हे त्याला कळत होतं. त्याची सहानुभूती मशीनच्या बाजूला होती. त्यानं बोकाग्रान्देच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलचं नाव सांगून टाकलं.

गुरुवारी सकाळी त्यानं नूरिसला सांगितलं की कचेरीत काम आहे, आणि कचेरीत सांगितलं की दाढ काढायची आहे. दीड वाजता तो त्या हॉटेलच्या दारात उभा राहिला. डोळ्यांवर काळा चष्मा होता. डोक्यावर गवती हॅट होती, जिच्या पट्टीवर 'कार्ताहेना' असं ठळक लिहिलेलं होतं. ही हॅट आमच्या गावात फक्त परगावचा माणूस घालतो, म्हणून वेषांतराला त्याला तीच उत्तम वाटली. हॉटेलचा दरवान विल्फ्रिदोनं मात्र त्याला लांबूनच हाक मारली.

"अरे, एवा! माझ्या आईच्या घराच्या कागदावर तूच शिक्का मारला होतास ना? इथे कसा? आणि हातात पिशवी?"

पिशवीत वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली होती. एवारिस्तो म्हणाला, "सहज."

"सहज?" विल्फ्रिदोनं पिशवीकडे पाहिलं, हॉटेलकडे पाहिलं आणि एवारिस्तोच्या खांद्यावर हात ठेवला. "भांडणं सगळ्यांच्याच घरात होतात, गड्या. माझ्या मेव्हण्यालाही नूरिसच्या चुलतबहिणीनं असंच हाकललं होतं. आठ दिवसांत परत घेतलं."

खुलासा करायला वेळच मिळाला नाही. तेवढ्यात भोंगा वाजवत चिवा आली. चिवा म्हणजे लाल-पिवळ्या-निळ्या नक्षीची लाकडी बस, जिला बाजूला भिंतीच नसतात. लपायला इतकी अयोग्य गाडी जगात दुसरी नसेल. एवारिस्तो एकदम मधल्या बाकावर सरकला. शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. मोठी पांढरी हॅट, चेहरा अर्धा झाकणारा चष्मा, आणि त्याखाली उकडलेल्या खेकड्यासारखं लालबुंद नाक. पायांत बंद कातडी बूट. असल्या उन्हात असले बूट फक्त डोंगरातली माणसं घालतात.

गाईड होती केइदीस नावाची, दणदणीत बांध्याची आणि त्याहून दणदणीत आवाजाची बाई. तिच्या हातातला माइक शोभेपुरताच होता.

"चला, कोण कुठून आलंय? ओरडून सांगायचं! जो ओरडणार नाही त्याला गाणं म्हणावं लागेल!"

पुढून कुणी चिले ओरडलं, कुणी मेदेयीन. शेजारच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बोगोता." आणि मग सगळी बस एवारिस्तोकडे बघायला लागली.

त्यानं विचार करायला हवा होता. काली शहराचं नाव घेतलं असतं, पास्तोचं घेतलं असतं. पण त्याचं बोलणं इतकं अस्सल किनाऱ्याचं होतं, की तोंड उघडताच पकडला गेला असता. असं बोलणारे लोक आमच्याखेरीज एकाच देशात आहेत.

"पनामा!" तो ओरडला.

"वा, पनामा!" केइदीस खूश झाली. "आपल्याकडे आज परदेशी पाहुणे आहेत! टाळ्या!" टाळ्या झाल्या. लगेच तिनं एक कागद त्याच्या हातात दिला. "परदेशी प्रवाशांसाठी विम्याचा अर्ज. पासपोर्टचा नंबर लिहा, सही करा."

"पासपोर्ट हॉटेलात राहिला."

"नंबर तर पाठ असेल? परदेशी माणसाला असतोच."

एवारिस्तोचं पेन कागदावर थबकलं. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून एकही खोटा आकडा कागदावर उतरला नव्हता. 'मूळ प्रतीवरून पडताळून पाहिली' असं लिहून त्यानं लाखभर तरी शिक्के मारले असतील, आणि प्रत्येक वेळी खरोखर पडताळून पाहिलं होतं. चिवा सुटली. खड्ड्यातून गेली. शेवटी त्यानं स्वतःच्या ओळखपत्राचा नंबर उलटा लिहिला. त्यामुळे तो आकडा पूर्ण खराही नव्हता आणि अगदी खोटाही नव्हता. सही मात्र सवयीनं स्वतःचीच ठोकली, फराट्यासकट.

"पनामा!" वळणावर केइदीस गरजली. "तुमच्याकडे कालव्यातून जहाजाला जायला किती वेळ लागतो?"

"ते जहाजावर आहे," एवारिस्तो म्हणाला.

पुन्हा टाळ्या झाल्या. परदेशी माणूस काहीही बोलला तरी तो विचारपूर्वक बोलला असं वाटतं, हे त्याच्या प्रथमच लक्षात आलं.

ला पोपाची चढण लांब होती आणि चिवा म्हातारी होती. शेजारच्या बाईंनी बोलायला सुरुवात केली. "तुम्ही बरंच लिहून घेताय. तुम्ही पत्रकार आहात का?"

"छे. मुलीच्या लग्नाचं आहे."

"लग्नासाठी किल्ल्याची उंची लागते?"

अनोळखी माणसाजवळ मन मोकळं करायला बरं वाटतं, आणि एवारिस्तोचं मन रविवारपासून तुंबलं होतं. "काय सांगू बाई, मुलगी डोंगरात दिली आहे. म्हणजे द्यायची आहे. परवा विहीण येतेय. तिला सगळं दाखवायचंय."

"पनामात?"

"पनामात," एवारिस्तो घाईनं म्हणाला. "पनामातही किल्ले आहेत."

"असतील. आणि विहीण कशी आहे?"

"बघितलेली नाही. पण कळतं ना माणसाला! मास्तरीण होती. व्याकरणाची. डोंगरातल्या माणसांचं तुम्हाला माहीत आहे... म्हणजे, माफ करा, तुम्हीही..."

"बोला, बोला. मला राग येत नाही."

"तीन वेळा सूप पितात. सकाळीसुद्धा! आणि कुत्र्यालाही अहो-जाहो करतात. आमच्याकडे आम्ही बिशपलासुद्धा 'काय रे' म्हणतो. ती येऊन बसेल, माझ्या बायकोनं मारलेल्या हाका ऐकेल, आणि मनातल्या मनात लाल शाईनं खुणा करत राहील. आमची नूरिस हसते ना, तेव्हा तिसऱ्या घरी ऐकू जातं. मला ते आवडतं. पण त्या बाईला आवडेल का?"

बाईंनी रुमालानं हळूच नाक टिपलं. नाकाला लागलं तशा कळवळल्या. "कुत्र्याला आदरानं हाक मारली तर कुत्र्याचं काय बिघडतं?" त्या म्हणाल्या. "आणि विहिणीलाही भीती वाटत असेल की."

"तिला कसली भीती? ती व्याकरणाची शिक्षिका आहे."

बाई दरीकडे बघत राहिल्या. खाली सगळं शहर, खाडी, बोटी आणि त्यापलीकडे समुद्र पसरलेला होता. एवारिस्तोनं वहीत लिहिलं, 'टेकडी. उंच. वारा चांगला.'

किल्ल्यापाशी पोचेपर्यंत तीन वाजले होते. सान फेलिपे किल्ल्याचा चढाचा दगडी रस्ता त्या वेळी तव्यासारखा तापतो. शहाणी माणसं तेव्हा डुलकी काढतात. केइदीस पुढे, हातात छत्री उंच धरलेली, मागून परदेशी आणि देशी पथक. एक डोळा, एक हात आणि एक पाय गमावलेल्या दर्यासारंगाची गोष्ट तिनं पुतळ्यापाशी इतकी रंगवून सांगितली, की एवारिस्तोची दोन पानं भरली आणि तिसऱ्यावर घामाचे थेंब पडून सारंगाचा पाय पुसून गेला. भुयारात त्यानं पाऊल टाकलं मात्र, त्याला शाळेची सहल आठवली. तो उलट पावली बाहेर आला. आत न गेलेला दुसरा माणूस म्हणजे बोगोताच्या बाई. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा नाक सोडून पांढरा पडला होता.

"बाई, बसा. बसा म्हणतो ना!"

"मला... माझे पाय..." एवढं म्हणून बाई भिंतीवरून सरळ खाली घसरल्या.

अशा वेळी माणूस पनामाचा राहत नाही. एवारिस्तोनं हॅट काढली, तिच्यानंच बाईंना वारा घालायला लागला आणि तटाखाली गाडी लावून उभ्या असलेल्या शहाळेवाल्याला बघून पोटातून ओरडला, "ए मोंचे! अरे मोंचे! झोपलास का मेल्या? वर आण एक शहाळं, पळ!"

मोंचेनं वर पाहिलं. "एवा? तू? आज नोटरी बंद आहे का रे? आणि ती टोपी कुणी घातली तुला?"

"टोपीचं मग बघू! शहाळं!"

मोंचे धावत वर आला, कोयत्याच्या दोन घावांत शहाळं फोडून दिलं आणि बाई पाणी पीत असताना उभा राहून बोलत राहिला. "विल्फ्रिदो म्हणाला ते खरं नाही ना रे? दुपारी फोन आला होता त्याचा. म्हणाला, नूरिसनं एवाला हाकललं, बिचारा हॉटेलात राहतोय. मी म्हटलं, नूरिस तशी नाही. पंचवीस वर्षं सोसलं तिनं, आता एवढ्यासाठी..."

"मोंचे, खाली तुझी गाडी घरंगळतेय."

"दगड लावलाय."

"तरी जा."

मोंचे गेला. बाईंनी शहाळं संपवलं. चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्यांदाच एवारिस्तोकडे नीट बघितलं. डोळे बारीक, हुशार, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारे.

"पनामात नोटरीची कचेरी आहे तर," त्या म्हणाल्या.

एवारिस्तोनं हॅट परत डोक्यावर चढवली.

"बसा, यार्लेनिसचे बाबा. उन्हात उभे राहू नका. तुम्हालाही चक्कर यायची."

तो बसला. सूप, कुत्रा, लाल शाई, सगळं एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. समोरच्या बुरुजावरून उडी मारता आली असती, पण बुरूज फारसा उंच नव्हता.

"कधी कळलं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"'व्याकरणाची मास्तरीण' म्हणालात तेव्हा शंका आली. 'नूरिस' म्हणालात तेव्हा खात्री झाली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पुढचं ऐकायचं होतं." बाईंनी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. पाय सुजून भोपळे झाले होते. "सूप आम्ही दोनदाच पितो. तिसऱ्यांदा पितो ते चॉकलेट."

"बाई, मी..."

"थांबा. माझंही ऐका. मी शनिवारी येणार असं सगळ्यांना सांगितलंय. फेर्मीनला वाटतंय, मी आज बहिणीकडे आहे. मी काल सकाळीच इथे आले." त्यांनी एक बूट ओढून काढला. "मी चौसष्ट वर्षांची आहे आणि मी समुद्र बघितलेला नव्हता. तीस वर्षं मुलांना 'समुद्र' या शब्दाचं अनेकवचन शिकवलं, पण एकवचन कधी पाहिलं नव्हतं. विहिणीच्या घरी जायचं, त्या सगळ्यांसमोर किनाऱ्यावर उभं राहायचं आणि लहान मुलीसारखं तोंड वासून बघायचं, हे मला नको होतं. म्हटलं, एकटीनं एकदा बघून घ्यावा. काल तीन तास वाळूत बसले. हॅट घ्यायची आठवणच झाली नाही."

एवारिस्तोनं त्या नाकाकडे बघितलं. मग स्वतःच्या वहीकडे बघितलं. 'टेकडी. उंच. वारा चांगला.' त्याला हसू आलं आणि ते दाबायला गेला तर नाकातून आलं. ओतिलियाबाईही हसल्या. त्यांचं हसणं छोटं, स्वच्छ, पूर्णविरामासारखं होतं.

भुयारातून पथक बाहेर आलं तेव्हा केइदीसला दिसलं, की पनामा आणि बोगोता जमिनीवर बसून हसतायत आणि बोगोता अनवाणी आहे. "अरे वा," ती म्हणाली, "आमच्या सहलीत दोन लग्नं जमलीत आजवर. तिसरं दिसतंय!"

किल्ल्यामागे काशाच्या जुन्या बुटांची एक भली मोठी जोडी मांडून ठेवलेली आहे. टुरिस्ट त्या बुटांत चढून फोटो काढतात. नोटरीच्या कारकुनानं त्या बुटात चढू नये असा लिखित नियम नाही, पण एवारिस्तोच्या मनात तो होता. तरीही ओतिलियाबाईंना पाय ठेवायला दुसरी थंड जागा नव्हती, बुटाच्या आत सावली होती, आणि बाईंना एकटीनं बुटात बसायची लाज वाटत होती. तेव्हा एका बुटात बाई, दुसऱ्यात एवारिस्तो, असे दोघं बसले. समोरून सिटी बस गेली. बसमधल्या निम्म्या लोकांनी हात हलवला. त्यातल्या किती जणांच्या कागदांवर आपण शिक्का मारला आहे, हे मोजायचं एवारिस्तोनं टाळलं.

बुटात बसूनच करार झाला. शनिवारी बाई टॅक्सी करून विमानतळावर जाणार, बाजूच्या दारानं आत शिरणार. दहा वाजून वीस मिनिटांच्या विमानानं आल्याचं दाखवणार. आतून बाहेर येणाऱ्या गर्दीत मिसळून दाराबाहेर येणार. एवारिस्तो आणि नूरिस समोर उभे असणार. पहिली भेट. हस्तांदोलन.

"आणि चुना?" एवारिस्तोनं विचारलं.

"चुन्याबद्दल मी काही विचारणार नाही," बाई म्हणाल्या. सज्जन बाई होती.

त्या संध्याकाळी एवारिस्तो घरी आला तेव्हा नूरिसनं ताट वाढलं. नारळाचा भात, तळलेला मासा. त्याच्या भाजलेल्या मानेकडे तिनं पाहिलं.

"दाढ काढली का?" तिनं विचारलं.

"दाढ? ...मी कचेरीत होतो."

"हां. कचेरीतून फोन आला होता, दाढ कशी आहे म्हणून." तिनं माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात सरकवला. "मऊ आहे. डाव्या बाजूनं चाव."

पुढे तिनं एक शब्द विचारला नाही. एवारिस्तोला ती रात्र आणि पुढचा अख्खा शुक्रवार फार जड गेला. विचारणाऱ्या बायकोला उत्तर देता येतं. न विचारणाऱ्या बायकोपुढे माणूस डाव्या बाजूनं चावत बसतो.

शनिवारी सकाळी दहाला दोघं विमानतळावर पोचले. नूरिसनं निळा पोशाख घातला होता, केस बसवून घेतले होते. दारासमोर माणसांची ही गर्दी होती. एवारिस्तोनं वर विमानांच्या वेळांच्या फळ्याकडे बघितलं.

बोगोताचं दहा-वीसचं विमान दोन तास उशिरा येणार होतं.

तो फळ्यासमोर जाऊन उभा राहिला, नूरिसला दिसू नये म्हणून. पण फळा डोक्याच्या वर होता, आणि एवारिस्तो पाच फूट चार इंच. "काही खाऊन येऊ या का?" त्यानं विचारलं. "तिकडे, मागे?"

"आत्ता? विहीणबाई येतील ना."

"बाहेर हवा चांगली आहे."

"बाहेर आगीत उभं राहायचं? एवा, तुला झालंय काय?"

तेवढ्यात दार उघडलं. मेदेयीनच्या विमानाची माणसं बॅगा ढकलत बाहेर पडायला लागली, आणि त्यांच्या मधोमध, करड्या लोकरी कोटात, एका हातात छोटी बॅग आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा घेऊन, ठरल्याप्रमाणे ठीक दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ओतिलियाबाई आल्या. कराराचा शब्द न् शब्द त्यांनी पाळला होता. फळ्याकडे बघायचं तेवढं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पावडर लावली होती. त्या पावडरीतून नाक असं वर आलं होतं, जसा पिठातून टोमॅटो. शिवाय एका गालाची साल निघत होती.

"यार्लेनिसची आई ना?" बाई नूरिसपुढे उभ्या राहिल्या. "आणि हे बाबा. तुम्हाला भेटून फार आनंद झाला. प्रथमच भेटतोय आपण."

"प्रथमच," एवारिस्तो म्हणाला आणि हात पुढे केला. हात घामानं ओला होता.

नूरिसनं बाईंच्या नाकाकडे बघितलं. मग मान वर करून फळ्याकडे बघितलं. मग एवारिस्तोच्या मानेकडे, जिथे कालपासून साल निघत होती. कुठलीही घाई न करता तिनं हे तिन्ही नीट पडताळून पाहिलं. मूळ प्रतीवरून नक्कल तपासतात तसं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या विमानाला छप्पर नव्हतं वाटतं?"

एवारिस्तोनं कुठलंतरी वाक्य जुळवायला घेतलं, पण त्याला क्रियापद सापडेना. ओतिलियाबाईंनी बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई ती. स्वतःची चूक कबूल करायला एक श्वास पुरला.

"मी बुधवारीच आले," त्या म्हणाल्या. "मला समुद्र बघायचा होता. कधी बघितला नव्हता. तुमच्यासमोर लाज वाटली असती. यांचा काही दोष नाही. म्हणजे थोडा आहे, पण तो पनामाचा आहे."

"पनामा?" नूरिस म्हणाली. आणि मग ती हसली. ती कशी हसते हे एवारिस्तोनं चिवात सांगितलं होतंच. विमानतळाचा शिपाई वळून बघायला लागला, मेदेयीनच्या माणसांनी बॅगा थांबवल्या. एवारिस्तोनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ओतिलियाबाई रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं, पण नूरिसच्या खांद्यावर डोकं ठेवून जे काय चाललं होतं ते जोरात चाललं होतं.

"चल घरी," नूरिसनं तिला सरळ अरे-तुरेवर घेतलं. "कोरफड लावते नाकाला. मागच्या दारी आहे. आणि कोट काढ बाई तो, बघूनच मला घाम आला!" तिनं बाईंच्या अंगातून कोट ओढून काढला आणि एवारिस्तोच्या हातात दिला. बॅगही दिली. बिस्किटांचा डबाही दिला. "मग? बघितलास का समुद्र?"

"बघितला."

"कसा आहे?"

ओतिलियाबाईंनी विचार केला. चुकीचा शब्द त्या वापरणार नव्हत्या. "मोठा आहे," त्या म्हणाल्या. "आणि थांबत नाही."

"खरं आहे," नूरिस म्हणाली. जन्मापासून ती समुद्रापासून चारशे पावलांवर राहत होती. "मी शेवटची कधी गेले होते पाण्यात... यार्लेनिस शाळेत होती बघ. मग राहूनच गेलं. काम काय थोडं असतं?" दोघी बोलत बोलत दाराबाहेर, उन्हात निघाल्या. "असं कर, उद्या सकाळी लवकर जाऊ आपण दोघी. ऊन चढायच्या आत. तू मला दाखव."

एवारिस्तो लोकरी कोट, बॅग आणि डबा सांभाळत मागून चालत होता. वही त्यानं सोबत आणली होती. शर्टाच्या खिशात होती. बुरूज, सनावळ्या, तोफा, सगळं त्यात होतं. वाटेत त्यानं दोनदा घसा साफ केला. दोघींपैकी एकीनंही मागे वळून पाहिलं नाही.